डॉ. कमल रणदिवे आणि एका मैत्रिणीचा प्रश्न



स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा निरोप ग्रुपवर आला, तेव्हा सगळ्यांना सुचतं तेच आधी मलाही सुचलं. पंचगंगेला पूर आला की मिळणारी सुट्टी, गॅदरिंगमधली फजिती, प्रयोगशाळेत फुटलेली परीक्षानळी. ते सगळं बाकीच्यांनी लिहिलं असणारच, आणि माझ्यापेक्षा चांगलं. म्हणून मी आपल्या शाळेत कधीही न आलेल्या एका बाईंविषयी लिहिते आहे. त्या पुण्यात जन्मल्या, मुंबईत राबल्या आणि २००१ साली गेल्या. नाव डॉ. कमल रणदिवे. मी त्यांना रणदिवेबाईच म्हणणार आहे. आपल्याला ज्यांनी काही शिकवलं त्या सगळ्या आपल्यासाठी बाईच होत्या.

त्यांच्यापर्यंत मी कशी पोचले ते आधी सांगते. आपल्या वर्गातली एक मैत्रीण २०२१ साली स्तनाच्या कर्करोगाने गेली. नाव लिहीत नाही, तुम्हां सगळ्यांना ते ठाऊक आहे. उपचार चालू असताना ती रात्री उशिरा मला फोन करायची. मी सॉफ्टवेअरवाली, डॉक्टर नव्हे. पण शाळेतही ती गणित सोडून सगळं मलाच विचारायची, ती सवय गेली नव्हती. एका रात्री तिने विचारलं की मुलीला मी दोन वर्षं अंगावर पाजलं, त्या दुधातून हे दुखणं तिच्यात उतरलं असेल का. मी ताबडतोब नाही म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी तिला धीर दिला होता, उत्तर दिलं नव्हतं. मला उत्तर माहीतच नव्हतं. मग लॅपटॉप उघडून वाचायला बसले, आणि पहिल्या अर्ध्या तासातच उंदरांच्या दुधातून पिल्लांत जाणारा, पुढे स्तनाचा कर्करोग घडवणारा एक विषाणू समोर आला. पोटात गोळा आला. डॉक्टरांना विचारून खात्री केली, तिलाही पुन्हा समजावून सांगितलं. पण पूर्ण गोष्ट मला कळली ती ती गेल्यानंतर. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला ऑफिसात संगणक उघडला, तर गुगलच्या पहिल्या पानावर सूक्ष्मदर्शकाजवळ बसलेल्या एका बाईंचं चित्र होतं. रणदिवेबाईंचा तो १०४ वा जन्मदिन. याच विषाणूवर आणि याच उंदरांवर मुंबईत एका मराठी बाईने आयुष्य घालवलं होतं, आणि मला त्यांचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

बाईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा. माहेरचं नाव कमल समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलींनी शिकलं पाहिजे असं मानणारा तो माणूस, त्यामुळे लेकीला हुजूरपागेत घातलं. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं अशी त्यांची इच्छा होती. मुलगी अभ्यासात हुशार, तेव्हा अडचण काहीच नव्हती. पण तिने फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं, आणि १९३९ साली लग्न केलं ते गणिती असलेल्या जे. टी. रणदिवे यांच्याशी. वडिलांच्या दोन्ही इच्छा बाजूला पडल्या. तरी त्यांनी लेकीचं शिक्षण थांबवलं नाही, आणि पुढे नवऱ्यानेही तिच्या अभ्यासाला सगळी मदत केली. आपल्या बॅचमधल्या किती जणींना, आणि किती जणांनाही, दहावीनंतर स्वतःच्या मनाची शाखा घेता आली हे आठवून बघा. मला जीवशास्त्र आवडायचं. मी इंजिनिअरिंगला गेले, कारण नोकरी लवकर लागते असं घरी सगळे म्हणत. लागलीही. तक्रार नाही, पण बाईंचं चरित्र वाचताना त्या वळणाशी थोडा वेळ थांबले.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी १९४३ साली एम.एस्सी. केलं. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रं. हे कूळ आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. सीताफळ, रामफळ, हिरवा चाफा हे सगळे त्यातले. आपण ज्याला अशोक म्हणतो आणि शाळांच्या कुंपणालगत लावतो ते उंच, सरळ, लांब पानांचं झाडही त्यातलंच. या कामात कोवळ्या मुळाचा किंवा कळीचा बारीकसा तुकडा घ्यायचा, रंगवायचा, काचपट्टीवर दाबायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीतली गुणसूत्रं मोजायची. डोळे दुखेपर्यंत मोजायची. त्या काळी आनुवंशिकतेचं द्रव्य डीएनए आहे हेसुद्धा ठरलेलं नव्हतं. त्याचा भक्कम पुरावा १९४४ मध्ये आला आणि डीएनएची दुहेरी गोफाची रचना कळली १९५३ मध्ये. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात हे तर १९५६ साली नक्की झालं. आपण दहावीच्या पुस्तकात एका ओळीत पाठ केलेली माहिती अजून जगात कुणाजवळच नव्हती, अशा काळात बाई सीताफळाची गुणसूत्रं मोजत होत्या.

सीताफळाकडून कर्करोगाकडे हा रस्ता वाटतो तितका लांबचा नाही. पेशी कशी विभागते आणि कुठे चुकते हाच दोन्हीकडचा प्रश्न. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं होतं, आणि तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ होते. भारतात कर्करोगावर संशोधन सुरू करणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घेतात. बाई त्यांच्या हाताखाली आल्या. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. झाली.

आता उंदरांची गोष्ट. कर्करोग आनुवंशिक आहे का, हे शोधायचं तर एकसारखे प्राणी हवेत. म्हणून भावाबहिणींचा संकर वीस आणि त्याहून जास्त पिढ्या करत उंदरांचे शुद्ध वाण तयार केले जातात. एका वाणातले सगळे उंदीर जवळजवळ जुळ्या भावंडांसारखे. काही वाणांत बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग होतो, काहींत क्वचितच. यावरून सगळा दोष रक्ताचा असं वाटलं होतं. पण १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी एक साधा प्रयोग केला. जास्त कर्करोग होणाऱ्या वाणाची पिल्लं जन्मताच आईपासून काढून कमी कर्करोगाच्या वाणातल्या मादीजवळ पाजायला ठेवली. मोठेपणी त्यांच्यातला कर्करोग खूप कमी झाला. म्हणजे जनुकांखेरीज आणखी काहीतरी आईच्या दुधातून जात होतं. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कण दिसले. तो एक विषाणू होता.

रणदिवेबाईंचं काम याच गुंत्यातलं. कर्करोगाकडे कमीजास्त कल असलेल्या वाणांच्या स्तनग्रंथींची त्यांनी तुलना केली. जनुकं, शरीरातली संप्रेरकं आणि विषाणू या तिन्हींचं नातं त्यांनी तपासलं. कोणत्याही एकावर सगळं ढकलता येत नाही, संप्रेरकं आणि विषाणू एकमेकांच्या साथीने काम करतात, या दिशेने त्यांचे निष्कर्ष गेले. त्याचं कारण पुढच्या काळात रेणूंच्या पातळीवर उलगडलं. हा विषाणू आरएनएचा असतो. पेशीत शिरल्यावर तो आपल्या आरएनएवरून डीएनएची प्रत काढतो आणि ती उंदराच्या गुणसूत्रात घुसवतो. अशी उलटी नक्कल होऊ शकते हे जगाला १९७० साली कळलं. गरोदरपणातल्या संप्रेरकांनी या विषाणूचं उत्पादन वाढतं, कारण त्याच्यातलं सुरू-बंद करणारं बटण त्या संप्रेरकांना दाद देतं. आणि घुसलेली प्रत पेशीच्या वाढीचं नियंत्रण करणाऱ्या जनुकाशेजारी जाऊन बसली, तर ते जनुक नको तेव्हा चालू होतं. माझ्या धंद्यातलं सांगायचं तर दुसऱ्याच्या चालू प्रोग्राममध्ये कुणीतरी चार ओळी चुकीच्या जागी चिकटवाव्यात, तसं.

पीएच.डी.नंतर बाई अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर काचेत पेशी जिवंत ठेवून वाढवण्याचं तंत्र, म्हणजे ऊतिसंवर्धन, शिकायला. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदातल्या पेशी वाढवल्या गेल्या. त्या पेशी हेला या नावाने आजही जगभर वापरात आहेत. तिला किंवा तिच्या घरच्यांना न विचारता त्या घेतल्या होत्या, हेही इथे नोंदवायला हवं. बाई तंत्र शिकल्या आणि परत आल्या. तिथेच राहिल्या असत्या तर त्यात कुणाला नवल वाटलं नसतं.

परळला १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं होतं. तिथे बाईंनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. देशातली अशा प्रकारची ती पहिली म्हणून ओळखली जाते. हे काम बोलायला सोपं आहे. पेशींना शरीराइतकी ऊब लागते, ठराविक क्षारांचं आणि रक्तद्रव्याचं अन्न लागतं, आणि हवेतला बुरशीचा एक कण जरी आत गेला तरी आठवड्यांची मेहनत वाया जाते. मुंबईच्या पावसाळ्यात हे सांभाळणं काय असेल याची कल्पना आपल्याला, जुलैत भिंतींना ओल धरणाऱ्या कोल्हापूरच्या माणसांना, करता येईल. पुढे रक्ताचा, स्तनाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग अभ्यासता यावा म्हणून प्राण्यांवरची प्रारूपं तयार झाली. तंबाखू आणि सुपारी यांच्यावरचं काम तर थेट आपल्या दाराशी येतं. हॅमस्टर या प्राण्याच्या गालाच्या पिशवीवर सुपारीचे आणि तंबाखूचे अर्क लावून काय होतं, याचे त्यांचे आणि सहकाऱ्यांचे निष्कर्ष १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुपारी स्वतःच माणसात कर्करोग घडवते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली जाहीर केलं. मध्ये अठ्ठावीस वर्षं गेली. आपल्या गावात कोपऱ्याकोपऱ्यावर मावा घोटून मिळतो. आपल्या बॅचमधलेही काही जण तो खातात, आणि स्नेहसंमेलनालाही खिशात घेऊन येतील. त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

कुष्ठरोगावरचं त्यांचं काम वेगळं सांगायला हवं. लहानपणी शेंडा पार्कच्या बाजूने जाताना कुष्ठधामाकडे बघू नका म्हणून मोठी माणसं आपल्याला दटावत, ते आठवतं ना? कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली हॅन्सन यांनी शोधला, पण तो काचेत वाढवणं आजतागायत कुणाला जमलेलं नाही. बाई, त्यांचे सहकारी आणि डॉ. खानोलकर यांनी १९५८ मध्ये कुष्ठरुग्णांच्या ऊतींमधून, चेतापेशींच्या संवर्धनाच्या मदतीने, एक जंतू वेगळा करून वाढवला. केंद्राच्या नावावरून त्याला आयसीआरसी जंतू म्हणतात. तो खुद्द कुष्ठरोगाचा जंतू नव्हता, त्याच्या नात्यातला निघाला. पण नात्यातला असला तरी शरीराच्या प्रतिकारशक्तीला तो ओळखीचा वाटतो. त्यामुळे केंद्रातल्या पुढच्या संशोधकांनी त्यापासून लस बनवली. नव्वदच्या दशकात दक्षिण भारतात चार लसींची मोठी तुलनात्मक चाचणी झाली, त्यात या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचं आढळलं. हाती आलं ते शोधायला निघालेलं नव्हतं, तरी ते फेकून दिलं नाही. त्याच्याशी काय करता येईल हे बघितलं. आम्हा इंजिनिअर मंडळींना हे पटायला वेळ लागतो.

१९६४ साली वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार त्यांना मिळाला. सुवर्णपदक आणि पंधरा हजार रुपये. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. १९८२ मध्ये पद्मभूषण. पण मानसन्मानांच्या यादीपेक्षा १९७३ सालची गोष्ट मला मोठी वाटते. त्या वर्षी अकरा सहकाऱ्यांबरोबर त्यांनी भारतीय स्त्री वैज्ञानिक संघटना स्थापन केली. प्रयोगशाळेत शिरलेल्या मुली लग्न, बाळंतपण, बदली यांत एकेक करून गळतात हे त्या बघत होत्या. मग संघटनेने भाषणांबरोबर वसतिगृह काढलं, पाळणाघर काढलं. वाशीला आजही ते काम चालतं. शाखा देशभर आहेत, आणि त्यांत आपलं कोल्हापूरही आहे. माझा मुलगा आठ महिन्यांचा असताना मी कामावर परतले, तेव्हा पाळणाघर शोधताना जे रडले होते ते आठवलं. प्रश्न बुद्धीचा नसतो, बाळाला कुठे ठेवायचं याचा असतो, हे त्यांना पन्नास वर्षांपूर्वी कळलं होतं.

परदेशात शिकायला गेलेल्या मुलांनी परत यावं आणि इथल्या लोकांसाठी काम करावं, असं त्या आग्रहाने सांगत. स्वतः परत आल्या होत्या, म्हणून त्यांना ते सांगता येत होतं. उतारवयात त्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात गेल्या. आदिवासी मुलांना काय खायला मिळतं, त्यांचं पोषण कसं आहे याचा अभ्यास केला. खेड्यातल्या बायकांना आरोग्याची आणि आहाराची माहिती मिळावी म्हणून संघटनेतर्फे काम केलं. गुणसूत्रांपासून निघालेली बाई मुलांच्या ताटापर्यंत पोचली.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. तिची मुलगी गेल्या वर्षी मला भेटायला आली. आता इंजिनिअरिंगला आहे, हसते अगदी आईसारखी. आईने मला काय विचारलं होतं हे तिला ठाऊक होतं, आणि तेच विचारायला ती आली होती. या वेळी मी धीर दिला नाही, उत्तर दिलं. उंदरातला तो विषाणू उंदराचा आहे. माणसात आईच्या दुधातून स्तनाचा कर्करोग मुलीला होतो असं सिद्ध झालेलं नाही. उलट बाळाला पाजल्याने आईचा धोका थोडा कमीच होतो. मात्र काही घराण्यांत बीआरसीए नावाच्या जनुकांतला दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो, आणि तो आईकडून जसा येतो तसा वडिलांकडूनही येऊ शकतो. तो ज्या पालकात असेल त्याच्या प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. पण स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत असे आनुवंशिक फार तर पाच ते दहा. म्हणून आईचे सगळे रिपोर्ट जपून ठेव, ते घेऊन डॉक्टरांकडे जा, चाचणीची गरज आहे का हे त्यांना ठरवू दे. आईने पाजलेल्या दुधाला मात्र कधी दोष देऊ नकोस. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग चहा मागितला.

एवढं ठामपणे मी बोलू शकले, कारण कुणीतरी वर्षानुवर्षं उंदीर सांभाळले, पिल्लं या आईकडून त्या आईकडे ठेवली, ग्रंथी कापून पाहिल्या, मोजल्या, लिहून ठेवलं. रक्ताचा वाटा किती, दुधाचा किती, संप्रेरकांचा किती हे वेगळं केलं. हे त्यांनी केलं नसतं तर आपल्या हाती फक्त भीती राहिली असती.

शेवटचं एक, आणि ते वर्गातल्या सगळ्या मुलींसाठी. हो, आपण पंचेचाळिशीच्या आसपास असलो तरी इथे मुलीच. आपल्या मैत्रिणीच्या हाताला गाठ लागली तेव्हा लेकीची दहावी होती. परीक्षा होऊ दे, मग बघू म्हणून तिने कुणालाच सांगितलं नाही. परीक्षा झाली, मग निकाल, मग प्रवेश. सात महिने गेले. तिला दोष द्यायचा नाही, आपण सगळ्या हेच करतो. पण या वेळी स्नेहसंमेलनाला याल तेव्हा फोटो काढून झाले की जरा एका बाजूला या. कुणी किती वर्षांत तपासणी केलेली नाही हे एकमेकींना विचारूया. तारीख तिथेच ठरवूया, आणि जमलं तर एकत्रच जाऊया. डॉक्टरांची वेळ घ्यायचं काम माझ्याकडे.